दुधाच्या कॅनमधलं गाव

मळीवाडीला सर्वेक्षणाची सवय होती. कृष्णा चढली की आधी पाणी येतं, मग होड्या येतात, मग बिस्किटांचे पुडे येतात आणि पाणी ओसरलं की टॅब घेतलेली माणसं येतात. पाणी आठवड्यात जातं, ही माणसं मात्र वर्षानुवर्षं येत राहतात. शिरोळ तालुक्यातल्या या एवढ्याशा गावानं आजवर जमीन, जनावरं, संडास आणि मनःस्वास्थ्य या विषयांवर इतकी उत्तरं दिली होती, की विचारणारा नवखा निघाला तर गावच त्याला पुढचा प्रश्न सांगायचं.

एवढ्या अनुभवातून शहाणपण येणारच. नदीपलीकडच्या गावानं मागं छाती फुगवून सांगितलं, आमच्यात सगळं हाय. त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं. त्यांच्या शेजारच्या गावानं तोंड बारीक करून सांगितलं, आमच्यात काय बी न्हाय. त्यांना संगणक मिळाले. प्रशस्तिपत्र पुढच्या पुराच्या ओलीनं फुगून भिंतीवरनं खाली आलं. तेव्हापासून मळीवाडीत ठरलं, कुणी विचारलं की आधी न्हाय म्हणायचं, काय विचारलं ते नंतर बघायचं.

त्यामुळं कोल्हापूरच्या एका संस्थेची माणसं ‘डिजिटल साक्षरता आणि समावेशन’ यावर संशोधन करायला येणार, पोरं, म्हाताऱ्या, विधवा, मजूर यांना मोबाईल कितपत कळतो ते तपासणार, असा निरोप आला तेव्हा बाळासोंना पुढचं सगळं लख्ख दिसलं. बाळासो म्हणजे गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. निरोप त्यांना व्हॉट्सॲपवर आला होता. त्यांनी तो बारा ग्रुपवर पुढं ढकलला आणि खाली स्वतःची ओळ टाकली: उद्या गावात एकबी मोबाईल दिसता कामा नये. सगळ्यांनी अंगठा दाखवला.

केंद्र मिळणार होतं. डिजिटल समावेशन केंद्र. दूध संस्थेच्या माडीवर जागा होती आणि जागेबाहेर कोनशिला बसेल एवढी भिंतही होती. त्या भिंतीकडं बाळासो हल्ली जाता-येता बघायचे.

फोन लपवायची युक्ती त्यांचीच. सकाळी सगळं गाव दूध घालायला संस्थेत येतंच. किटलीबरोबर फोनही आणायचा, सायलेंट करायचा आणि चिंध्या घातलेल्या एका रिकाम्या कॅनमध्ये टाकायचा. झाकणाला तार बांधायची. पावणं गेलं की ज्याचा त्यानं घेऊन जायचा. भिंतींवर रंगवलेले नंबर चुन्यानं पुसून टाकले. शिवणकामाचा गेला, बोअरवाल्याचा गेला, मंडपवाल्याचा गेला. धोंडुबाई तेवढी आडवी आली. तिच्या भिंतीवर ‘शेणी मिळतील’ आणि खाली तिचा नंबर, असं दिवाळीला रंगवून घेतलेलं होतं. चुना लावायला गेलेल्या पोरांना तिनं काठी दाखवली, आणि मग आपणच त्या अक्षरांवर ओल्या शेणी थापून टाकल्या. तिचा बटणांचा फोन सायलेंट कसा करायचा ते कुणालाच सापडेना. तो वाजला की कोंबडा आरवायचा. शेवटी तसाच कॅनमध्ये टाकला, कारण म्हातारीला कोण फोन करतंय.

गाव बाळासोंच्या डोक्याचं कौतुक करत होतं. त्यांची पोरगी तेवढी करत नव्हती.

वर्षाराणी बारावी झालेली. पुराच्या साली होडीतनं एक नर्स आली होती, गुडघाभर चिखलात उभी राहून तिनं धोंडुबाईला सलाईन लावलं होतं आणि वर बाळासोंना झापलं होतं, मधे मधे येऊ नका म्हणून. चेअरमनला झापणारी बाई वर्षाराणीनं पहिल्यांदाच बघितली. त्या दिवसापासून तिला नर्स व्हायचं होतं. आता कोल्हापुरातल्या एका कॉलेजात तिला नर्सिंगची जागा लागली होती. ती घेतली असं वेबसाइटवर कळवायचं होतं. साइट आज सकाळी दहाला उघडणार होती आणि संध्याकाळी पाचला बंद. कळवलं नाही तर जागा पुढच्या पोरीला. आणि कळवायला लागणारा ओटीपी येणार होता वर्षाराणीच्या फोनवर, ज्याच्या पाठीवर तिनं नेलपॉलिशनं लाल अधिकचं चिन्ह काढलं होतं.

“आबा, माझा फोन राहू दे घरात,” ती सकाळी म्हणाली. “पेटीत ठेवतो. कुणाला दिसायचा न्हाय.”

“चेअरमनच्याच पोरीचा फोन भाईर राहिला तर गाव काय म्हणंल?”

“गाव म्हणू दे काय म्हणायचं ते. माझी सीट जाईल.”

“कशाला जातीय? दुपारी पावणं जेवलं की मी सोता कॅन उघडून तुझ्या हातात फोन देतो. शब्द हाय माझा.”

बाळासोंच्या शब्दाला तालुक्यात किंमत होती. घरात ती कधी कुणी तपासून बघितली नव्हती. वर्षाराणीनं फोन दिला.

पावणे आले ते उन्हं डोक्यावर आल्यावर. अवंतिका ही मुख्य संशोधक, मंगळवार पेठेतली, गळ्यात ओळखपत्र आणि चेहऱ्यावर सहानुभूती. बरोबर धवल, कॅमेरेवाला. समाजमंदिरात सतरंजी टाकलेली होती आणि गाव तोंड बारीक करून बसलं होतं. अडचण एकच होती. दर दोन मिनिटांनी कुणाचा तरी हात आपसूक छातीच्या खिशाकडं जायचा आणि रिकामा परत यायचा. धवलच्या ते नजरेत आलं.

“हे सगळे असं का करतायत?”

“नमस्काराची पद्धत हाय आमच्यात,” बाळासो म्हणाले, आणि स्वतःचाही हात छातीवर ठेवला. धवलनं त्याचा व्हिडिओ केला.

अवंतिकानं धोंडुबाईला पुढं बसवलं. म्हातारी, विधवा आणि निरक्षर, म्हणजे एकाच माणसात तीन रकाने भरत होते. “आजी, डिजिटल माध्यमांपासून तुम्ही स्वतःला किती दूर समजता? अजिबात नाही, थोडं, बरंच की खूप?”

“लांब म्हंजे चालत का एसटीनं?”

अवंतिकानं ‘खूप’वर बोट ठेवलं. “मग एकमेकांना निरोप कसा देता?”

“वरडतो की.”

“आणि माणूस परगावी असेल तर?”

“जोरात वरडतो.”

धवलला गहिवरून आलं. अवंतिका टॅबवर भराभरा लिहीत होती. अशी उत्तरं मिळायला संशोधकाचं नशीब लागतं.

जेवणं झाली. बाळासोंनी पावण्यांना आग्रह करकरून वाढलं, सुपारी झाली, आणि अवंतिका म्हणाली, आता बायकांची गटचर्चा घेऊ, मग मुलांची. वर्षाराणी दारात उभी होती. तिनं बापाकडं बघितलं. बाळासोंनी डोळ्यानंच सांगितलं, थांब जरा. ती थांबली नाही. मागच्या बाजूनं संस्थेकडं गेली, किल्ली कुठल्या खिळ्याला असते ते तिला ठाऊक होतं.

आत कॅनची रांग होती. तार बांधलेला कॅन नव्हता. तिनं सगळी झाकणं उघडून बघितली, खोलीच्या मागं बघितलं. बाहेर धोंडुबाई सावलीला बसली होती.

“आजी, तारेचा कॅन कुठाय?”

“त्यो व्हय. सकाळी सम्राटनं नेला की टेम्पोत. हलका लागला न्हवं. म्हणला, मोडका दिसतोय, तार बांधलीय, दुरुस्तीला टाकतो.”

“आणि तू बोलली न्हाईस?”

“मला काय ठावं? बाळासोनं सांगितलंय, आज कुणी काय विचारलं तर न्हाय म्हणायचं. त्यो विचारत हुता, ह्यात काय हाय का. मी म्हणलं, न्हाय.”

घ्या. वंचित दिसायला निघालेलं गाव सकाळपासूनच खरोखर वंचित झालं होतं आणि गावाला त्याचा पत्ता नव्हता. संस्थेचा टेम्पो चालवणारा सम्राट सकाळचं दूध तालुक्याच्या डेअरीत घालून दिवसभर कुठल्यातरी झाडाखाली टेम्पो लावून झोपायचा आणि संध्याकाळच्या दुधाला परत यायचा. म्हणजे पाचनंतर. त्याला फोन लावावा तर फोन कॅनमध्ये, आणि कॅन सम्राटकडं. त्याचा नंबरही कुणाला तोंडपाठ नव्हता. नंबर तोंडपाठ करायचा जमाना गेला, आता नंबर ठेवायला फोन असतो.

वर्षाराणीनं बापाच्या कानात सगळं सांगितलं. बाळासोंचा चेहरा उतरला, पण पावण्यांच्या समोर तो जेवढा उतरायला हवा तेवढाच. त्यांनी संस्थेतल्या गुंडूला मोटरसायकलवर पिटाळलं, सम्राटला शोधून आण म्हणून. कुठं शोधू, असं गुंडूनं विचारलं. बाळासो म्हणाले, फोन करून विचार. मग दोघंही एकमेकांकडं बघत राहिले, आणि गुंडू गेला.

गटचर्चा चालू होती. बायकांना विचारलं, इंटरनेटवर कधी फसवणूक झालीय का? बायका म्हणाल्या, इंटरनेट म्हंजे काय वो ताई? त्यातल्या एकीचं साड्यांचं ऑनलाइन दुकान होतं आणि सांगली, बेळगावपर्यंत तिची गिऱ्हाइकं होती. तिनंच सगळ्यात निरागस तोंड केलं. वर्षाराणी घड्याळाकडं बघत होती. समाजमंदिरातलं घड्याळ आमदारांनी दिलेलं होतं, त्यामुळं ते बंद होतं. तिनं एका पोराच्या मनगटावर बघितलं. चार वाजून गेले होते. गुंडू परत आला, हात हलवत.

“आबा, मॅडमचा फोन घेऊया.”

“खुळी हाईस? गावात फोन हायती हे कळलं की केंद्र गेलं.”

“आणि माझी सीट?”

“सीट काय, फुडच्या साली परत मिळंल. केंद्र परत मिळंल व्हय?” त्यांनी तिचं मनगट धरलं. रागानं नव्हे, पण घट्ट. “अर्धा तास कळ काढ. जातील आता.”

तिनं कळ काढली. यात तिची चूक धरायची तर धरा. अठरा वर्षं ज्याचं ऐकलं त्याचं आणखी जरा वेळ ऐकलं. मग पावण्यांना गाव बघायचं होतं आणि बाळासो त्यांना जरा दाखवतो म्हणून स्वतः पुढं झाले, तेव्हा तिच्या डोक्यात काहीतरी तुटलं. ती पळत धोंडुबाईच्या भिंतीपाशी गेली आणि शेणी उपटायला लागली.

नेमकी तिथंच मंडळी आली. अवंतिका भिंत बघून हरखली. “धवल, हे घे. हे किती खरं आहे.” धवलनं कॅमेरा लावला. भिंतीवर एक पोरगी नखांनी शेणी खरवडत होती, आणि खालून ‘शे’ आला, ‘मिळ’ आलं, मग एक आकडा, मग दुसरा.

“मॅडम, तुमचा फोन द्या,” वर्षाराणी हात ओढणीला पुसत म्हणाली. “एक नंबर लावायचाय.”

बाळासो मधे आले. “मॅडम, लक्ष देऊ नका. फोन कसा लावत्यात ते बी तिला म्हाईत न्हाय. खुळी हाय पोरगी.”

हे वर्षाराणीनं ऐकलं. भिंतीजवळ उभ्या असलेल्या प्रत्येकानं ऐकलं. बाळासोंनीही ते ऐकलं असावं, कारण ते बाजूला सरकले. अवंतिकानं एकदा पोरीकडं बघितलं आणि फोन दिला. वर्षाराणीनं भिंतीवरचा नंबर लावला.

पहिल्यांदा नुसताच वाजत राहिला. दुसऱ्यांदाही. उसाच्या कुठल्या बांधाला सम्राटच्या टेम्पोत कोंबडा आरवत होता आणि सम्राट कूस बदलत होता. तिसऱ्यांदा त्यानं उचलला.

“हॅलो. ह्यो फोन कॅनमधनं निघालाय,” तो घाबरून म्हणाला. “अख्खा कॅन फोननं भरलाय. म्या चोरल्याला न्हाय.”

“सम्राटदादा, मी मळीवाडीची वर्षाराणी. बाकी सगळं नंतर. मागं लाल अधिकचं चिन्ह असलेला फोन शोध आणि त्यावर नंबर आला की वाचून दाखव.”

अवंतिकानं विचारलं नाही, टॅब पुढं केला. वर्षाराणीनं साइट उघडली, आपला क्रमांक टाकला, पासवर्ड टाकला, जागा लागल्याचं पान काढलं आणि बटण दाबलं. अवंतिका बघत राहिली. दुपारी तिनं याच पोरीच्या नावापुढं ‘खूप दूर’ लिहिलं होतं.

“आला,” सम्राट म्हणाला, आणि त्यानं आकडे वाचले. ते चुकीचे होते. तो कुणाच्या तरी गॅस सिलिंडरचा ओटीपी होता.

“लाल अधिकचा बघ. तळाला असंल.”

“चिंध्या लई हायत्या गं.”

तळाला सापडला. तोवर त्यावरचा आकडा शिळा झाला होता. तिनं पुन्हा मागवला, सम्राटनं नीट, एकेक करून वाचला, तिनं टाकला. पान गोल गोल फिरलं आणि मग वर लाल अक्षरात आलं, जागा घेतल्याचं कळवण्याची मुदत संपली आहे.

तिनं ते दोनदा वाचलं आणि टॅब अवंतिकाला परत दिला. शेणाचे डाग लागले होते ते ओढणीनं पुसूनही दिले. तिला रडू आलं नाही. तिला बापाचा राग आला, इतका की त्याच्याकडं बघवेना.

बाळासो धोंडुबाईच्या कट्ट्यावर बसले, तुटक्या शेणींच्या मधे. मग ते खरं बोलायला लागले. फोन, कॅन, चुना, छातीवरचे हात, सगळं सांगितलं. शेवटी हात जोडले. “मॅडम, गुन्हा माझा एकट्याचा हाय. पर केंद्र काढून घेऊ नका गावाचं.”

अवंतिकानं टॅब बंद केला. “काका,” ती म्हणाली, “केंद्र मागच्या महिन्यातच मंजूर झालंय.”

“म्हंजे?”

“तुमच्या गावाची नोंद आधीपासूनच वंचित अशी आहे. तसं ठरवूनच आम्हाला पाठवतात. आमचं काम फक्त तसा अहवाल करायचं.” तिनं खाली बघितलं. “तुम्ही सगळे दोन्ही हातात फोन घेऊन बसला असता तरी काही फरक पडला नसता. दुपारीच मला खरं सांगायचं होतं हो.”

“मग आता तरी खरं लिवा.”

“सबमिट केलंय. त्यात मागं जाता येत नाही.”

त्या दिवशी संध्याकाळी सम्राट कॅन घेऊन आला आणि गावानं आपापले फोन घेतले. दुसऱ्या दिवशी बाळासो पोरीला घेऊन कॉलेजात गेले, तिथल्या कारकुनापुढं त्यांनी पहिल्यांदाच आयुष्यात चेअरमन असल्याचं सांगितलं नाही. उपयोग झाला नाही. जागा पुढच्या मुलीला गेली होती. धोंडुबाईनं पुन्हा त्या भिंतीवर शेणी थापल्या नाहीत.

थंडी पडता पडता केंद्राचं उद्घाटन ठरलं. कोल्हापूरच्या संस्थेचे मोठे साहेब येणार, म्हणून गावात परत तोच विचार निघाला. बाळासो या वेळी नको म्हणाले, पण जीव तोडून म्हणाले नाहीत. कोनशिलेवर त्यांचं नाव कोरून झालं होतं. सकाळी पुन्हा कॅन भरला. या वेळी त्याला साखळी आणि कुलूप होतं. वर्षाराणीनं आपला फोन दिला नाही आणि तिच्याकडं कुणी मागितलाही नाही.

साहेबांना पहिली कळ एखाद्या लाभार्थी मुलीच्या हातून दाबायची होती. अवंतिकानं दुसरी मुलगी सुचवली होती, पण धवलकडं शेणाचे हात असलेल्या पोरीचा फोटो होता आणि तो वर सगळ्यांना आवडला होता. वर्षाराणीला खुर्चीवर बसवलं. समोर माईक ठेवला.

“घाबरू नकोस, बाळ,” साहेब म्हणाले. “याला माऊस म्हणतात.”

“व्हय का,” वर्षाराणी म्हणाली.

तिनं कळ दाबली. पडदा उजळला, टाळ्या झाल्या, आणि पडद्यावर ओळ आली: केंद्रप्रमुखांच्या नोंदणीकृत मोबाईलवर आलेला ओटीपी भरा. केंद्रप्रमुख बाळासो. वंचित गावाच्या कागदपत्रांवर मोबाईल नंबर कसा, असं आजवर कुणीच विचारलं नव्हतं. टाळ्या थांबल्या. साहेब हसत थांबले. गावानं छातीवर हात ठेवले.

बाळासो वाकून कुजबुजले, “वर्षा, काय तरी कर की.”

ती माईकमधे बोलली, हळूच, पण माईक चांगला होता. “आबा, कॅन आणा. आज तरी पाचच्या आत.”

बाळासो उठले. सगळ्यांच्या मधून चालत गेले आणि कॅन खांद्यावर घेऊन आले. व्यासपीठावर ठेवला. किल्ली फिरवली. आत कोंबडा आरवला, तरी कुणी हसलं नाही. चिंध्या उपसून त्यांनी स्वतःचा फोन काढला, सदऱ्याला पुसला आणि दोन्ही हातांनी पोरीपुढं धरला. डोळे भरून आले होते ते त्यांनी लपवले नाहीत. तिनं फोन घेतला, आकडा बघितला, टाकला.

धवलनं तेवढ्यात फोटो काढला. वार्षिक अहवालाच्या पहिल्याच पानावर तो आला, खाली ओळ होती: वंचित गावातील भावुक पिता आपल्या मुलीच्या हाती तिचा पहिला मोबाईल देताना.

अहवाल गावात सगळ्यांनी आपापल्या फोनवर वाचला. बाळासोंनी तो कुठल्याच ग्रुपवर पुढं पाठवला नाही.